सेंट्रिंग कुणी लावलं असेल?

रोमच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या घुमटाच्या देवळात, शिरलं की सगळ्यांची मान आपोआप वर जाते, माझीही गेली. शेजारी अण्णा उभे होते ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, टोपी काढून हातात धरलेली, नजर वर, आणि मग एकदम मला म्हणाले, "पोरी, याला सेंट्रिंग कसं लावलं असेल गं?"

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे सुतार, नंतर पस्तीस वर्षं नाशकात सेंट्रिंगची कामं घेतली. फळ्या, प्लेटा, बल्ल्या, टेकू, हे सगळं लावायचं, वर स्लॅब पडला की पंधरा-वीस दिवस जीव मुठीत धरून थांबायचं आणि मग काढायचं. लोकांना तयार स्लॅब दिसतो, त्याच्याखाली आधी एक अख्खं लाकडाचं घर उभं होतं ते कुणाला आठवत नाही. मी सिव्हिल इंजिनियर झाले ती लहानपणी त्यांना साईटवर डबा पोचवता पोचवताच. भाऊ जर्मनीत असतो, त्याने गेल्या ऑक्टोबरात आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि तिथून आम्ही अथेन्स आणि रोम करून आलो. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण कॉलेजला हिस्टरी ऑफ आर्किटेक्चरच्या नावाखाली आम्ही डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असं पाठ केलं होतं, खांबाचं डोकं कसं दिसतं त्यावरून ओळखायचं आणि मार्क मिळवायचे, पण अण्णांच्या सोबत बघताना मला पहिल्यांदा कळलं की ग्रीक आणि रोमन लोक पाचसातशे वर्षं एकाच प्रश्नाशी झगडत होते. डोक्यावरचं वजन खाली जमिनीत कसं न्यायचं आणि तरी मधली जागा मोकळी कशी ठेवायची.

अथेन्सपासून सांगते. अक्रोपोलिसच्या टेकडीवर चढताना अण्णांच्या गुडघ्यांनी त्रास दिला, पण वर पार्थेनॉन दिसल्यावर ते गुडघे विसरले. हे देऊळ इसवीसनपूर्व ४४७ ला सुरू झालं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या काळात, इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस हे त्याचे स्थपती आणि शिल्पकामावर देखरेख फिडियासची. समोर ८ खांब, बाजूला १७, सगळं पेंटेली डोंगरातल्या संगमरवरातलं. आम्ही एका कोपऱ्यापाशी उभे होतो आणि अण्णा खांबांवरच्या पट्टीकडे बघत होते. त्या पट्टीत ठरावीक अंतराने उभ्या खाचांचे चौकोन आहेत, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात, आणि त्यांच्या खाली छोटे छोटे थेंबासारखे दगडी गुटके. अण्णा म्हणाले, "हे तर तुळईचं तोंड आहे. आणि खाली खुंट्या ठोकल्यात."

मला अंगावर काटा आला, कारण दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीने बरोबर हेच लिहून ठेवलंय, की डोरिक देवळाची ही नक्षी म्हणजे जुन्या लाकडी देवळातल्या तुळयांची टोकं, सुतारकाम दगडात उतरवलेलं. अण्णांनी व्हिट्रुव्हियस वाचलेला नाही, त्यांनी तुळया बसवल्यात. ग्रीसमध्येच ऑलिंपियाला हेरा देवीचं देऊळ आहे, इसवीसनपूर्व ६०० च्या आसपासचं, तिथे आम्हाला जायला मिळालं नाही, पण त्याची हकीकत माझी फार आवडती आहे. त्याचे खांब आधी लाकडाचे होते आणि जसजसे खराब होत गेले तसतसे एकेक करून दगडाचे बसवले, म्हणून तिथले खांब एकसारखे नाहीत, कुणाची जाडी वेगळी, कुणाचं डोकं वेगळं, ज्या काळात बदलला त्या काळच्या पद्धतीचा. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी तिथे गेला तेव्हा ओक लाकडाचा एक जुना खांब अजून शिल्लक होता, त्याने तशी नोंद केलीय. सातशे वर्षं होऊन गेली तरी एक लाकडी खांब दगडी भावंडांमध्ये उभा!

पण लाकडाचा आकार दगडात उतरवला तरी लाकडाचा गुण दगडात येत नाही. तुळईवर वजन आलं की ती वाकते, म्हणजे तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. लाकूड ताण सोसतं. दगड दाबाला कितीही द्या, ताणाला मात्र दुबळा, खालून तडा गेला की संपलं. आपल्याकडे जुन्या वाड्यात घर खणात मोजायचे, दोन खणी, पाच खणी, आणि खण केवढा ते तुळई केवढी मिळते त्यावर. ग्रीकांचा खण दगडाने ठरवला. पार्थेनॉनचे खांब जवळजवळ १.९ मीटर जाड, १०.४ मीटर उंच, आणि दोन खांबांच्या मधली मोकळी जागा जेमतेम अडीच मीटर. म्हणजे जागेपेक्षा खांबच जास्त वाटतात. वरची तुळई पण एक अखंड नाही, शेजारी शेजारी उभ्या लावलेल्या तीन शिळा आहेत. ते खांबांचं दाट रान फोटोत इतकं सुंदर दिसतं त्यामागे ही मजबुरी आहे, आणि मला तर हे कळल्यावर ते जास्तच सुंदर वाटायला लागलं, कारण त्यांनी त्या मजबुरीतूनच प्रमाण शोधलं, खांबाची जाडी, उंची, अंतर सगळं एकमेकांशी बांधून घेतलं.

आणि मग त्यावर जे काम केलंय! अण्णा कोपऱ्यावर उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि पायरीच्या कडेला नजर लावली, दोरी सरळ आहे का बघताना बघतात तशी. मला म्हणाले, "मध्ये उचललीय." खरंच उचललीय. देवळाची लांब बाजू साधारण ७० मीटर आहे आणि तेवढ्या लांबीत जोतं मध्यभागी सुमारे ११ सेंटीमीटर वर आहे, आखूड बाजूला सुमारे ६. खांब सरळ उभे नाहीत, किंचित आत कललेले आहेत, मध्ये किंचित फुगीर आहेत आणि कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा थोडे जाड आहेत. म्हणजे एक दगड दुसऱ्यासारखा नाही, प्रत्येकाचा कोन वेगळा घडवावा लागला, आणि हे सगळं छिन्नी-हातोडी, ओळंबा आणि दोरीवर. नजरेला तो सरळपणा मेल्यासारखा वाटू नये म्हणून हे केलं असं म्हणतात, पाण्याचा निचरा हेही कारण सांगतात. मला दोन्ही पटतात, काम करणारा माणूस एका फटक्यात दोन कामं साधतो.

तिथेच अजून एक गोष्ट बघितली जी मला घरी घेऊन आली. खांबाचे तुकडे एकमेकांवर बसवताना मध्ये लाकडी गुटका आणि खुंटी घालायचे, आणि भिंतीतले व तुळईतले दगड एकमेकांना लोखंडी पकडीने जोडायचे, पण त्या लोखंडाभोवती शिसं ओतायचे, म्हणजे हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचणार नाही आणि भूकंपात थोडी हालचाल पण होऊ शकेल. ते लोखंड चोवीसशे वर्षं टिकलं. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा गोळा आत साठवलेल्या दारूगोळ्यावर पडून देऊळ मधोमध फुटलं ती गोष्ट वेगळी. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी दुरुस्ती झाली, बालानोस नावाच्या इंजिनियरच्या हाताखाली, त्यात नवीन लोखंड शिशाशिवाय बसवलं, ते काही दशकांत गंजलं, गंजलं की फुगतं, आणि फुगून त्याने संगमरवर फोडला. १९७५ पासून जे जीर्णोद्धाराचं काम चाललंय त्यात ते लोखंड काढून टायटॅनियम घालतायत. मी ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिला अजून पस्तीस वर्षं नाही झाली, माझ्या किचनच्या छताचे पोपडे पडून सळई दिसायला लागलीय, तपकिरी, फुगलेली, सळईवर काँक्रीटचं कव्हर पुरेसं दिलं नव्हतं. तेच दुखणं. पार्थेनॉनच्या दुरुस्तीच्या मचाणाखाली उभं राहून मला माझं किचन आठवत होतं.

आता रोम. कमान रोमनांनी शोधली असं आपण सर्रास म्हणतो, ते तसं नाही, मेसोपोटेमियात ती फार आधीपासून होती आणि ग्रीकांनाही इसवीसनपूर्व चौथ्या शतकापर्यंत माहीत होती, वेशीच्या दरवाजांना, थडग्यांना वापरायचे. पण देवळात नाही आणली. रोमनांनी कमानीला गटारापासून रंगमंडळापर्यंत सगळीकडे कामाला लावलं. कमानीत दगडाला ताण सोसावाच लागत नाही, प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि दाब हे तर दगडाचं आवडतं काम. दोनच अटी, बाजूला रेटा घेणारं काहीतरी भक्कम पाहिजे, आणि वरचा शेवटचा, चावीचा दगड बसेपर्यंत खालून लाकडाचा आधार पाहिजे. म्हणजे कमान आली की सेंट्रिंगवाला आला! फ्रान्समधला पोंत द्यु गार्द बघा, तीन मजली कमानींचा, साधारण ४९ मीटर उंच, ५० किलोमीटरच्या पाण्याच्या पाटाचा तो एक छोटा तुकडा, आणि त्या पाटाला सरासरी उतार किलोमीटरला जेमतेम फूटभर. खालच्या मजल्यांचे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेत.

कलोझियम बघायला प्रचंड गर्दी होती, तासभर रांग. अण्णांना ते आवडलं पण पँथिऑनइतकं नाही. मला तिथे एक गोष्ट बोचली आणि आवडली पण. बाहेरून बघाल तर खालच्या तीन मजल्यांवर प्रत्येकी ८० कमानी, आणि दोन कमानींच्या मध्ये भिंतीला चिकटलेला अर्धा खांब, खाली डोरिकसारखा, मग आयोनिक, मग कोरिंथियन. सगळं वजन कमानी आणि त्यांचे जाड पाय घेतायत, खांब फक्त शोभेला. ज्या ग्रीक खांबाने एकेकाळी देव डोक्यावर घेतला होता तो इथे भिंतीवरची नक्षी झाला. पण त्याच खांबांमुळे ती एवढी मोठी भिंत मापात वाटते, नाहीतर नुसती भोकं पाडलेली दरड वाटली असती. काही कमानींवर प्रवेशाचे नंबर कोरलेले अजून दिसतात, तिकिटावर असेल त्या कमानीतून आत, स्टेडियमचं गेट असतं तसंच. वेस्पासियन बादशहाने सुरू केलं, इसवीसन ८० ला पुढचा बादशहा टायटस याने उद्घाटन केलं, आधीच्या नीरो बादशहाच्या महालातल्या तळ्याच्या जागेवर.

आणि आता खरी गोष्ट, काँक्रीट. चुना सगळ्यांकडे होता, पण नेपल्सच्या आखातात पोझुओलीच्या आसपास ज्वालामुखीची एक राख मिळते, ती चुन्यात मिसळली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. व्हिट्रुव्हियस समुद्रातल्या कामाला एक भाग चुना, दोन भाग ही राख असं माप देतो. हेरोड राजाने पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर सीझेरिया बंदर बांधलं तेव्हा ही राख इटलीतून जहाजाने तिथवर नेली होती, बंदराच्या काँक्रीटचे नमुने काढून तपासल्यावर ते सिद्ध झालंय. आपल्याकडे राख नव्हती तर विटेची भुकटी, सुरखी, चुन्यात घालायचे, रोमन लोकही हौदांना तीच घालायचे. काम करायची पद्धत मात्र आपल्या काँक्रीटसारखी ओतायची नाही. आधी चुन्याच्या मालाचा थर, मग त्यात मुठीएवढे दगड हाताने मांडायचे, धुमस करायचं, परत माल, परत दगड. दोन्ही बाजूंना विटांची किंवा छोट्या दगडांची भिंत आधी चढवायची, तीच साचा आणि तीच तयार भिंत. अण्णांना हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे भिंतीला सेंट्रिंगचा खर्चच नाही." अगदी बरोबर, आणि म्हणूनच ते इतक्या वेगाने इतकं बांधू शकले.

त्या मालात पांढरे पांढरे खडे दिसतात. बरीच वर्षं लोक म्हणायचे नीट कालवलं नाही म्हणून राहिलेत. २०२३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की रोमन लोक कळीचा चुना, म्हणजे न विझवलेला, तसाच गरम गरम मालात मिसळत असावेत, ते खडे त्यातून राहिलेले, आणि पुढे कधी बारीक चीर पडून त्यात पाणी शिरलं की तो चुना विरघळून चीर आपोआप भरून काढतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. ज्याला आपण हलगर्जीपणा समजत होतो त्यातच त्या कामाचा जीव होता.

इसवीसन ६४ ला रोमला मोठी आग लागली, त्यानंतर नीरोने आपला महाल बांधला, त्यात सेवेरस आणि सेलर या जोडीने एक अष्टकोनी खोली केलीय, वर काँक्रीटचा घुमट आणि मध्ये गोल झरोका. तिथपासून साठ वर्षांत गडी पँथिऑनपर्यंत पोचले. दर्शनी भागावर अग्रिप्पा या रोमन सेनापतीचं नाव आहे, पण ते इसवीसनपूर्व २७-२५ च्या पहिल्या देवळाचं, आत्ताचं देऊळ साधारण इसवीसन १२५ च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या काळात पूर्ण झालं, विटांवरच्या शिक्क्यांवरून काळ कळतो. हेड्रियनने स्वतःचं नाव नाही घातलं, जुन्याचंच ठेवलं.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण चेंडू बसेल. सळईशिवायचा एवढा मोठा काँक्रीट घुमट आजवर जगात दुसरा नाही. वजन कसं सांभाळलंय बघा. पायात ट्रॅव्हर्टाईनसारखा जड दगड, वर जाता जाता टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, आणि विटांचे तुकडे, आणि माथ्याकडे प्युमिस, पाण्यावर तरंगेल असा हलका सच्छिद्र दगड. म्हणजे जसजसं वर जाऊ तसतशी खडी बदलत गेलेत. जाडी खाली ६ मीटरच्या वर, झरोक्यापाशी १.२ मीटर. आतून पाच रांगांत प्रत्येकी २८ असे १४० चौकोनी खोलगट कोनाडे. आणि जिथे तडा जायची सगळ्यात जास्त भीती वाटावी, अगदी मध्यभागी, तिथे काहीच नाही! आठ-नऊ मीटरचं भोक, त्याच्या काठाला विटांचं कडं, सगळा दाब त्या कड्यात गोल फिरतो. पाऊस आत पडतो, जमीन मध्ये किंचित उंच आहे आणि बारीक २२ भोकं आहेत, पाणी त्यातून जातं. अण्णा वाकून ती भोकं बघत होते, सगळे लोक वर बघतायत आणि हे एकटे खाली, "निचरा केलाय बघ नीट" म्हणत.

घुमटाच्या खालच्या भागात उभ्या चिरा आहेत, फार जुन्या. तिथे घुमट पोटात फुगायला बघतो, ताण येतो, काँक्रीटने चीर देऊन तो सोडून दिला आणि सहा मीटर जाड भिंतीने रेटा घेतला. बाहेरून गेलात तर भिंतीच्या विटांमध्ये मोठ्या कमानी बुजवलेल्या दिसतात, त्या वजन भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यांवरून बाजूला काढून जाड भागावर नेतात. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं म्हणून कुणी मोडलं नाही, हेही खरं.

अण्णांच्या प्रश्नाला मी मला जमेल तसं उत्तर दिलं. घुमट आडव्या कड्याकड्यांनी चढवत नेतात, एक कडं पूर्ण होऊन घट्ट झालं की ते स्वतःला धरतं, त्यामुळे वरच्या कड्याचं वजन सगळं लाकडावर येत नाही. पण लाकूड लागणारच, आणि त्या १४० कोनाड्यांचे साचे सुतारांनीच केलेले. दुसऱ्या दिवशी पॅलेटाईन टेकडीवर एका पडक्या कमानीच्या पोटात आम्हाला फळ्यांचे ठसे दिसले, काँक्रीटमध्ये उमटलेले, अगदी रेषारेषा. हात पोचत नव्हता. अण्णांनी बोटं पसरून लांबूनच एक फळी मोजली, "वीतभर, थोडी जास्त," म्हणाले आणि मग शेजारची, आणि मग तिच्या शेजारची. तिसऱ्या फळीचा ठसा तिरका गेला होता. "इथे फळी कमी पडली होती," ते म्हणाले, "तुकडा लावलाय."

त्यांना मी डायो या रोमन इतिहासकाराने लिहिलेली गोष्ट सांगितली, की हेड्रियनच्या आधीचा बादशहा ट्रेजन, त्याचा स्थपती अपोलोडोरस दमास्कसकर बादशहाशी कामाचं बोलत होता, तरुण हेड्रियन मध्ये बोलला, तर तो म्हणाला जा, तुझे भोपळे रेखाटत बस जा. भोपळे म्हणजे बहुतेक पाकळ्यापाकळ्यांचे घुमट, रोमजवळ तिवोलीला हेड्रियनचा वाडा आहे, त्यात तसे आहेत. पुढे बादशहा झाल्यावर हेड्रियनने त्याला हद्दपार करून मारलं असं डायो म्हणतो. अण्णांना वाईट वाटलं. "कारागिराला असं नाही करायचं," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर डिसेंबरात आम्ही कार्ल्याला गेलो. अण्णा पूर्वी एकवीरेच्या दर्शनाला कितीदा गेलेत, पण लेण्यात नीट कधी थांबले नव्हते. त्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, यवन म्हणजे ग्रीक किंवा तिकडून पश्चिमेकडून आलेले लोक, आणि काळही साधारण तोच, इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. मी अण्णांना तो लेख दाखवत होते आणि त्यांचं लक्षच नव्हतं, ते वर बघत होते. डोंगरात कोरलेल्या छताच्या पोटाला लाकडाच्या फासळ्या लावलेल्या आहेत, त्या काळच्या, अजून शाबूत. दगडाला त्यांची काहीच गरज नाही, छत डोंगराचंच आहे.

अण्णा खांबाला टेकून उभे राहिले, टोपी हातात. एकेक फासळी मोजत दाराकडून आतल्या स्तूपापर्यंत गेले आणि परत मोजत आले.